इतिहासाची उपपत्ति आणि उपपत्तींचा इतिहास

जें एकदां घडून गेलें तें पुन्हां बदलत नाहीं. मग इतिहास मात्र दर पिढीस निराळा कां होतो, हा प्रश्न ज्या घरांत आजोबा, मुलगा आणि नातू एका पंक्तीस बसतात त्या घरांत केव्हां ना केव्हां निघतोच. आजोबांनीं पाठ केलेलें एक, मुलानें परीक्षेंत लिहिलेलें दुसरें, आणि नातवाच्या पुस्तकांत छापलेलें तिसरें. गेल्या खेपेस या सदरांत आम्हीं ओघाओघानें एवढेंच लिहिलें होतें कीं, इतिहासांतील बरींचशीं विधानें हीं घटना नसून उपपत्ती असतात. त्यावर एका वाचकभगिनींनीं लिहून विचारिलें आहे कीं, तर मग इतिहासकारांचा सारा व्यापार कल्पनेवरच चालतो काय, आणि मुलांना तो शिकवावा तरी कशाला? प्रश्न रोखठोक आहे, व दोन ओळींच्या उत्तरानें त्याचें भागण्यासारखें नाहीं.

प्रथम शब्द नीट करून घेऊं. उपपत्ति आणि सिद्धान्त हे दोन निराळे शब्द आहेत, व ते निराळे ठेवण्यांतच शहाणपण आहे. जें दिसतें तें तसें कां, हें युक्तीनें जुळवून दाखविणें ही उपपत्ति; आणि सर्व आक्षेपांचें निरसन होऊन जें उरतें तो सिद्धान्त. आपल्या शास्त्रकारांची एक रीत आम्हांस फार मोलाची वाटते. जें मत खोडावयाचें तें आधीं पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचें, मगच उत्तरपक्षास हात घालावयाचा. चार्वाकांचें मत आज जें थोडेंफार ठाऊक आहे तें बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांमुळेंच. शाळेच्या इतिहासांत मात्र पूर्वपक्ष गाळून निकाल तेवढा छापतात. त्यामुळें निकाल फिरला कीं मुलांस वाटतें, आधींचे लोक एक तर मूर्ख होते किंवा लबाड होते. ते दोन्ही नव्हते, हें आमच्या जिल्ह्याच्याच एका उदाहरणानें दाखवावें असा विचार आहे. प्रश्न असा: आमच्या नगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, प्रवरेच्या कांठीं पहिल्यानें घरें बांधून राहिले ते लोक कोण?

याचें सर्वांत जुनें उत्तर याच जिल्ह्यांतील अकोलें येथें मिळतें. तेथें प्रवरेच्या कांठीं अगस्तीचा आश्रम दाखवितात. विंध्यास नमवून अगस्ति दक्षिणेस उतरले व परत फिरले नाहींत, ही कथा ठाऊक नाहीं असें घर आमच्या वाचकांत नसेल. १८८४ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं दक्षिणेचा प्राचीन इतिहास इंग्रजींत लिहिला, तेव्हां त्यांनींही अगस्तीची कथा घेतली; पण तेवढ्यावर न विसंबतां त्यांनीं जे साक्षीदार बोलाविले ते वैयाकरण होते! ऐतरेय ब्राह्मणांत विश्वामित्राच्या शापित पुत्रांपासून आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद झाले असें सांगितलें आहे. म्हणजे आर्यवस्तीच्या कडेचे लोक तेवढे त्या काळीं ठाऊक. पाणिनि देशांवरून व लोकांवरून नांवें साधण्याचे नियम सांगतो, पण पांड्य, चोल हीं नांवें त्याच्या नियमांत बसत नाहींत. कात्यायन आपल्या वार्तिकांत ती उणीव भरून काढतो. आणि पतंजलीस तर माहिष्मती, कांची, केरळ हीं सर्व ठाऊक आहेत, इतकेंच नव्हे तर दक्षिणेंत मोठ्या तळ्यास ‘सरसी’ म्हणतात हा बोलींतला बारकावाही त्याच्या कानांवर आला आहे. पाणिनीसारखा काटेकोर मनुष्य ठाऊक असलेलें नांव वगळणार नाहीं. तेव्हां दक्षिणेचा परिचय पाणिनीनंतर व कात्यायनाच्या आधीं झाला, असें भांडारकरांचें अनुमान.

ज्याचें थोडेंसें तरी संस्कृत झालें आहे त्याला हें अनुमान वाचतांना बुद्धिबळाचा एखादा सुरेख डाव पाहिल्याचा आनंद होतो. खापराचा तुकडाही हातांत न घेतां, तीन वैयाकरणांच्या बोलण्यांतून आणि मौनांतून काळ ठरविला! पण मौनाचा अर्थ काढण्यास एक मर्यादा असते. पाणिनि गप्प आहे याचा अर्थ पाणिनीच्या मंडळींस तो देश ठाऊक नव्हता. त्या देशांत कोणी राहतच नव्हतें असा नव्हे. दक्षिणेंत मूळचे लोक होते हें भांडारकरांनीं स्वतः मानलेलें आहे. पुढें त्यांच्यावरून लिहिणाऱ्यांनीं तेवढें सोडलें, आणि दंडकारण्य म्हणजे नुसतें रान, त्यांत ऋषि आले आणि मग वस्ती झाली, असें चित्र घरोघर गेलें.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं हाच प्रश्न ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ म्हणून हातीं घेतला. उत्तरेंत बौद्ध मतानें समाजाची घडी विस्कटली, तेव्हां तिकडून महाराजिक, राष्ट्रिक, वैराष्ट्रिक असे लोक निघाले व त्यांनीं हा देश वसविला, हें त्यांचें म्हणणें. आणि त्यास आधार गांवांच्या नांवांचा व शब्दांच्या रूपांचा. राजवाड्यांच्या व्युत्पत्ती पुष्कळदां कसरतीच्या असतात. पाहणाराचा श्वास अडकतो, पण त्या वाटेनें त्यांच्या मागोमाग जाववत नाहीं. तरी गांवाचें नांव हाही पुरावा आहे, हें मराठी वाचकाच्या मनावर त्यांनींच ठसविलें. भांडारकरांचा संयम निराळा, राजवाड्यांचा आवेश निराळा. पण दोघांचाही पुरावा शब्दांचा. म्हणून ज्यांनीं मागें शब्द ठेवले तेच लोक दोघांच्याही उत्तरांत दिसतात.

ज्यांनीं शब्द ठेवला नाहीं त्यांनीं काय ठेवलें, हें नदीकांठच्या शेतकऱ्यांस मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. गांवाची जमीन दोन प्रकारची: काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. ओसाड पडलेल्या जुन्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर मडक्यांचीं खापरें वर येतात. तेथली माती धाब्याच्या घरावर घालावी, शेतांत टाकावी, ही रीत जुनीच. संगमनेर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं जोर्वे नांवाचें गांव आहे. १९५०-५१ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनीं तेथें उत्खनन केलें. चाकावर घडविलेलीं, भट्टींत इतकीं पक्कीं भाजलेलीं कीं वाजविलीं असतां धातूसारखीं खणखणतात अशीं तांबडीं भांडीं, त्यांवर काळ्या रेघांची नक्षी, कांहीं भांड्यांना आपल्या झारीसारखी लांब तोटी. आणि त्यांच्या जोडीस तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. लोखंडाचा मागमूस नाहीं. तोंपर्यंत महाराष्ट्रांत अश्मयुगांतील दगडी हत्यारें आणि मौर्य-सातवाहनांचा काळ यांच्यामध्यें सारा अंधार होता. त्या अंधारांत हीं मडकीं उभीं राहिलीं, आणि जोर्वे या लहानशा गांवाचें नांव एका सबंध संस्कृतीस मिळालें.

पाठोपाठ १९५४ ते ५६ या सालांत नेवाशास खणणें झालें. नेवाशाचें नांव आपल्या मनांत ज्ञानेश्वरीशीं जोडलेलें आहे. शके १२१२ मध्यें ज्या खांबाला टेकून ती सांगितली त्या पैसाच्या खांबाचें दर्शन घेऊन आपण परततों. त्याच गांवीं लाडमोड म्हणून टेकाड आहे. त्याचें वरचें अंग मुसलमान-मराठा अमदानीचें. त्याखालीं सातवाहनांचें गांव, त्यांत रोमन मद्यकुंभांचे तुकडे. त्याखालीं जोर्व्याचीं तांबडीं भांडीं. नदीच्या दरडींत त्याहून कितीतरी जुनीं दगडी हत्यारें. सांकळियांच्या अहवालाचें नांवच ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ अशा अर्थाचें आहे. तेंही खरेंच, कारण खणणारा मनुष्य पोथी शेवटच्या पानापासून वाचीत येतो. पुढें १९६६ ते ६९ मध्यें गुद्रुन कॉर्व्हिनस या जर्मन विदुषींनीं नेवाशाजवळ चिरकी येथें आदिमानवाचीं हत्यारें जागच्या जागीं उघडीं केलीं. तीं लाखों वर्षांपूर्वींचीं. म्हणजे ‘पहिला मनुष्य कोण’ हा प्रश्न आपल्या पोथ्यांच्या आणि वंशावळींच्या बाहेर गेला. ‘पहिलीं घरें कोणाचीं’ एवढाच प्रश्न हातीं राहिला.

वयाचा निर्णय करण्यास नवीन साधनही त्याच सुमारास मिळालें. जिवंत पदार्थांत जो किरणोत्सर्गी कर्ब असतो तो जीव गेल्यावर ठराविक गतीनें घटत जातो व ५७३० वर्षांत निम्मा उरतो. त्यावरून कोळशाचें किंवा धान्याचें वय काढण्याची युक्ति अमेरिकेंतील लिबी यांनीं १९४९ च्या सुमारास काढली. त्या मापानें जोर्व्याचीं भांडीं इ. स. पूर्वीं १४०० ते १००० च्या सुमाराचीं ठरतात. पाणिनि-कात्यायनांच्या पुष्कळ आधीं प्रवरेच्या कांठीं शेती, गुरेंढोरें, कुंभाराचें चाक आणि तांब्याची भट्टी हीं सर्व होतीं.

हे लोक कोठून आले? येथें उपपत्तींचा खरा खेळ सुरू होतो. सांकळियांचें लक्ष त्या तोटीच्या भांड्यांवर खिळलें. नर्मदेकांठीं महेश्वरासमोर नावडातोली येथें त्यांनीं खणलें, तेथेंही तसल्या घाटाचीं भांडीं. आणि इराणांतील सियाल्क व हिस्सार येथील भांड्यांशीं त्यांचें साम्य. तेव्हां पश्चिमेकडून माणसें किंवा निदान कल्पना इकडे आल्या असाव्यात, आणि आर्यांचा यांत संबंध असूं शकेल, असें त्यांनीं सुचविलें. ज्या काळीं हें सुचविलें त्या काळीं सगळ्या जगांतील प्राचीन वस्तूंचे पंडित साम्य दिसतांच एका ठिकाणाहून दुसरीकडे बाण काढीत असत. सांकळिया त्या विद्येंत वाढलेले. पण त्यांचा मोठेपणा असा कीं, मत मांडतांना खापरें, चित्रें, मापें, थर हें सर्व त्यांनीं छापून ठेवलें. ज्याला मत खोडावयाचें असेल त्याला साहित्य त्यांच्याच अहवालांत मिळतें. पूर्वपक्ष जपण्याची ही आधुनिक तऱ्हाच म्हणावयाची.

तें मत पुढें सैल झालें, त्यास दुसरें एक टेकाड कारण झालें. श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद आहे. तेथें तीनदां उत्खनन झालें: १९५८-५९ मध्यें म. न. देशपांडे यांनीं, १९७४-७५ मध्यें शि. रं. राव यांनीं, आणि १९७५ ते ७९ पर्यंत शं. अ. साळी यांनीं. सगळ्यांत खालीं इ. स. पूर्वीं २२०० च्या सुमाराची सावळदा पद्धतीची वस्ती, तिच्यावर सिंधुसंस्कृतीच्या उत्तरकाळची, तींत सिंधुलिपीच्या खुणा असलेल्या मातीच्या मुद्रा, मग खास दायमाबादची म्हणून जी ओळखतात ती, मग माळव्याची, आणि सर्वांवर जोर्व्याची. हजारबाराशें वर्षें एकाच पांढरींत घरावर घर. आतां कोणत्या थरास ‘आगमन’ म्हणावें? आणि मडक्याचा घाट बदलला म्हणजे मनुष्यच बदलला काय? आमच्या लहानपणीं घरोघर तांब्यापितळेचीं भांडीं होतीं. कल्हईवाला आळींत येत असे. दहापंधरा वर्षांत तीं माळ्यावर गेलीं आणि स्टीलचीं आलीं. पुढेंमागें कोणी आमची पांढरी खणील तर पोलादी लोकांच्या टोळीनें नगर जिंकलें असें त्यानें लिहूं नये, एवढीच प्रार्थना! माळव्याच्या भांड्यांतून जोर्व्याचीं भांडीं हळूहळू उमललेलीं दिसतात, असेंच आतां बहुतेक तज्ज्ञ मानतात.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचेंही नांव येथें घेतलें पाहिजे. १९५६ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं राजे आणि वंश बाजूला सारून नांगर कशाचा होता हें आधीं विचारिलें. लोखंडी फाळ आल्यावांचून खरी शेती पसरणें नाहीं, या त्यांच्या मतास जोर्व्याच्या शेतकऱ्यांमुळें मुरड घालावी लागते. पण तो प्रश्न विचारण्याची संवय त्यांनीं लावली ती गेली नाहीं.

आतां एक गोष्ट जरा विस्तारानें सांगावयाची आहे. घरांतील स्त्रियांनीं ती विशेष लक्ष देऊन वाचावी. जोर्व्याचे लोक आपलीं मृत बालकें घराच्या जमिनीखालींच पुरीत. दोन मडकीं तोंडाला तोंड लावून आडवीं ठेवावयाचीं, आंत मूल, शेजारीं लहानसें भांडें, आणि वर पुन्हां जमीन सारवून घ्यावयाची. नेवाशास अशीं पुष्कळ सांपडलीं. एका बालकाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तांब्याच्या गंजानें मण्यांत ओवलेला धागाही थोडासा टिकला होता. त्यांत रेशीम आणि कापूस दोन्ही आढळलीं. कोणी म्हणतात, मूल आईजवळच राहावें म्हणून. कोणी म्हणतात, मडकें म्हणजे गर्भ, तेथून तें पुन्हां यावें म्हणून. हीं मतें खरीं ठरविण्याचा मार्ग नाहीं. माळ मात्र कोणीतरी गळ्यांत घातली होती, हें निश्चित.

हें वाचतांच धर्मशास्त्र जाणणाऱ्याच्या मनांत एक विचार चमकून जाईल. दोन वर्षांच्या आंतील बालकास अग्नि न देतां पुरावें, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे, आणि आपल्या घरांत आजवर तसेंच होत आलें आहे. मग हे लोक आपलेच पूर्वज! केवढी सोयीची उपपत्ति! पण ती लगेच तपासून पाहावी. स्मृति गांवाबाहेर नेण्यास सांगते, हे लोक घरांत ठेवीत. लहान मुलांची निराळी व्यवस्था पृथ्वीवरील कितीतरी लोकांत आहे, ज्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. जोर्व्याचे लोक कोणती भाषा बोलत, कोणत्या देवाला हांक मारीत, हें त्यांच्या एकाही भांड्यावर लिहिलेलें नाहीं. एका साम्यावरून वंश जोडणें म्हणजे आडनांव सारखें म्हणून वाटणीस येण्यासारखें आहे. आणि उलट बाजूनें, ते आपले कोणीच नव्हेत असें म्हणण्यासही पुरावा नाहीं. आपल्याला आवडणारी उपपत्ति दुप्पट कठोरपणें तपासावी लागते; अगस्तीच्या मागोमाग आपण आलों हें जसें आपल्याला आवडतें, तसेंच आपण येथलेच हेंही आतां आवडूं लागलें आहे.

त्या बालकांच्या हाडांचा पुढचा इतिहास अधिक बोधक आहे. पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत, म्हणजे आमच्या सीमेपलीकडेंच, घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें १९६८ ते १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें, आणि डॉ. म. के. ढवळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नवाच प्रश्न पुढें आणला: हे लोक आले कोठून हें राहूं द्या, ते गेले कां? इ. स. पूर्वीं १००० च्या सुमारास प्रवरेकांठचीं गांवें ओस पडलीं. इनामगांव तगलें, पण तेथेंही मोठीं चौकोनी घरें जाऊन लहान वाटोळ्या झोंपड्या आल्या, गहूं कमी झाला, शिकारीच्या जनावरांचीं हाडें वाढलीं, आणि इ. स. पूर्वीं ७०० च्या सुमारास तेंही सुटलें. ढवळीकरांचें उत्तर: पाऊस हटला. दुष्काळ पडत गेला आणि शेतकरी अर्धा भटक्या झाला.

या उपपत्तीची जन्मवेळ पाहावी. १९७२ चा दुष्काळ आमच्या जिल्ह्यांतील कोणी विसरलेला नाहीं. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारीं माणसें, छावण्यांतलीं गुरें, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, हें सर्व आम्हीं शाळकरी वयांत पाहिलें आहे. इनामगांवचें खणणें तेव्हां चालूंच होतें. दुष्काळ पाहिला म्हणून ढवळीकरांनीं दुष्काळ लिहिला, असें म्हणणें अन्यायाचें होईल; त्यांच्या हातीं धान्य होतें, हाडें होतीं, घरांचे पाये होते. पण कोणता प्रश्न विचारावा हें मनुष्य आपल्या काळापासूनच शिकतो. भांडारकरांच्या काळीं आर्य कोण हें विद्वानांच्या तोंडीं होतें, राजवाड्यांच्या काळीं राष्ट्र कसें वसलें हें. आणि दुष्काळ पाहिलेल्या पिढीनें, पाऊस किती पडत होता, असें विचारिलें.

तेंही उत्तर निर्विवाद राहिलें नाहीं. ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन विदुषींनीं नेवासें, दायमाबाद आणि इनामगांव येथील बालकांचे सांगाडे तपासून २०११ सालीं ग्रंथ लिहिला. मुलांची वाढ कशी झाली, कोठें खुंटली, हें हाडांवरून व दांतांवरून त्यांनीं मोजलें. शेवटच्या काळांत मुलांचे हाल वाढले होते हें त्यांनाही दिसलें. पण त्याच वेळीं पाऊस हटला, यास पुरावा अपुरा आहे असें त्यांचें म्हणणें. जीं हाडें पहिल्या पिढीस केवळ अंत्यविधीची खूण वाटलीं, तींच दुसरीस भुकेचा दाखला झालीं. हाडें तींच आहेत. ज्यांनीं तीं काळजीनें काढून, अंक घालून, पेट्यांत ठेवलीं, त्यांना पुढें कोणता प्रश्न येणार हें ठाऊक नव्हतें.

आमच्या भगिनींस उत्तर येथेंच मिळेल असें वाटतें. जोर्व्याचा थर सातवाहनांच्या थराखालीं आहे. हें भांडारकरांच्या चाहत्यानें पाहिलें काय आणि ढवळीकरांच्या विरोधकानें पाहिलें काय, सारखेंच दिसतें. मुलांस शिकवितांना ‘असें होतें’ याच्याऐवजीं ‘अमुक सालीं अमुक पुराव्यावरून अमुकांनीं असें ठरविलें’ एवढें म्हणावें. दोन ओळी अधिक लागतील, पण दहा वर्षांची पोरें तें सहज समजतात हा आमचा अनुभव आहे.

मात्र पुराव्याची जागाच हातची गेली तर काय होतें, त्याचें उदाहरण पुन्हां दायमाबादचेंच. १९७४ सालीं तेथील एक गांवकरी झाडाचें खोड खणून काढीत असतां खालीं चार कांस्यमूर्ती लागल्या: बैलांच्या जोडीचा रथ हांकणारा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळ्यांचें वजन मिळून साठ किलोंहून अधिक. तसें काम महाराष्ट्रांत दुसरें नाहीं. पण त्या थरांतून पद्धतशीर खणून निघालेल्या नव्हत्या. साळी आदि पंडितांनीं त्या सिंधुसंस्कृतीच्या उत्तरकाळच्या ठरविल्या; डॉ. डी. पी. अगरवाल यांनीं धातूंत सोमलाचा अंश एक टक्क्याहून अधिक आहे, त्या काळच्या इतर वस्तूंत तसा आढळत नाहीं, म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या मानल्या. दोघांचाही युक्तिवाद आम्हांस वजनदार वाटतो. कशाखालीं काय होतें हें कोणी पाहून लिहून ठेवलें असतें तर हा वाद एका दिवसांत मिटता.

प्रवरा, गोदावरी, घोड, मुळा यांच्या कांठीं ज्या वाचकांचीं शेतें आहेत त्यांच्याकडे म्हणूनच एक विनंति आहे. पूर्वीं पांढरीची माती टोपलीनें जात असे, आतां ती जेसीबीनें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भरून जाते, आणि एका दुपारीं हजार वर्षें नाहींशीं होतात. विहिरीला, शेततळ्याला किंवा घराच्या पायाला खणतांना तांबडीं-काळीं खापरें, तोंडाला तोंड लावलेलीं मडकीं, तांब्याचा तुकडा असें कांहीं दिसलें तर काम थांबवावें, वस्तु उचलूं नये, किती हात खोलीवर कोणत्या रंगाच्या मातींत लागली तें लिहून ठेवावें. किंमती ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याचा १८७८ चा कायदा आहेच. पण नुसतें खापर असलें तरी तहसील कचेरींत सांगावें, आणि कोणी पाहून जाईपर्यंत जागेवर गोणपाट टाकून ठेवावें.